जुन्या इमारतींची नाडीपरीक्षा

पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी एक यादी छापून येते. ती असते अतिधोकादायक इमारतींची. यादीत आपल्या इमारतीचे नाव दिसले की रहिवाशांची झोप उडते आणि नाव नसले की लोक सुटकेचा निःश्वास टाकून वर्षभर निर्धास्त राहतात. वास्तविक यादीत नाव नाही म्हणून इमारत निरोगी ठरत नाही. डॉक्टरकडे न गेलेला प्रत्येक माणूस जसा निरोगी नसतो, तसेच हेही आहे.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी कितीतरी कुटुंबे अजूनही जुन्या चाळींत राहतात. ज्यांनी घरे बदलली त्यांचेही आईवडील, भाऊबंद तेथेच आहेत. आपल्या समाजाचा आणि चाळीचा संबंध जुना आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्याने बांधलेल्या घरांना बी.आय.टी. चाळी हे नाव पडले. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहिले. तेव्हा चाळ हा केवळ दगडविटांचा विषय नाही, हे सभासदांना वेगळे सांगावयास नको. परंतु प्रस्तुत लेखात आम्ही दगडविटांविषयीच बोलणार आहोत. कारण भिंत उभी राहिली तरच भिंतीआडचा संसार उभा राहतो.

इमारत पडली की "अचानक कोसळली" असे म्हणण्याची पद्धत आहे. विटांची किंवा दगडांची जुनी इमारत सहसा अचानक पडत नाही. ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे सूचना देत असते. त्या सूचना ओळखणे, त्यांचे मोजमाप ठेवणे व वेळीच योग्य माणसाच्या हाती देणे म्हणजे इमारतीच्या प्रकृतीवर देखरेख ठेवणे होय. यातील बराचसा भाग सामान्य रहिवासी आणि आठवी-नववीतले विद्यार्थीसुद्धा करू शकतात.

प्रश्न केवढा मोठा आहे

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र शासनाने १९६९ साली कायदा केला व मुंबई इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ अस्तित्वात आले. आज हे काम म्हाडाकडे आहे. दुरुस्तीसाठी ज्यांच्याकडून उपकर घेतला जातो त्या उपकरप्राप्त इमारती. आरंभी बेटावरील मुंबईत अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या, म्हणजे 'अ' वर्गातील होत्या. काही पडल्या, काही पाडून नव्या झाल्या. तरीही तेरा हजारांच्या आसपास इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांत माणसे राहत आहेत.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी भेंडीबाजार भागातील हुसैनी ही शंभरी ओलांडलेली इमारत कोसळली व तीसहून अधिक माणसे दगावली. त्याआधी दोनच दिवस मुंबईला प्रचंड पावसाने झोडपले होते. इमारत धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते. काही कुटुंबे स्थलांतरित झाली होती, काही राहिली होती. म्हणजे धोका माहीत नव्हता असे नाही. धोका किती जवळ आला आहे, हे मोजणारे कोणी नव्हते.

खेड्यांतही हा प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरे दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदाची होती. भिंतीचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये मातीदगडाची भर आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नाही. धक्का बसताच दोन थर फाकले आणि वरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. जाडी म्हणजे मजबुती नव्हे, हा धडा आपल्याला फार मोठी किंमत देऊन मिळाला.

भिंत ओझे कसे वाहते

आजच्या इमारतीत काँक्रीटचे खांब आणि तुळया ओझे वाहतात. मधल्या विटांच्या भिंती केवळ आडोशाच्या असतात. जुन्या इमारतीचे तसे नाही. तेथे भिंत हाच खांब असतो. कौलांचे किंवा गच्चीचे, मजल्यांचे, माणसांचे, कपाटांचे सारे ओझे सागवानी तुळयांवरून भिंतीत उतरते आणि भिंतीतून पायात जाते. मुंबईच्या अनेक चाळींत भिंतीच्या आतही लाकडी खांब असतात व मधली जागा विटांनी भरलेली असते. वीट आणि चुना ही जोडी दाब उत्तम सोसते. परंतु ताण, म्हणजे ओढले जाणे, तिला सोसत नाही. कोठे ओढ बसली की ती तडकते. म्हणून भेग ही मुळात भिंतीची भाषा आहे. कोणत्या दिशेने आपल्याला ओढले जात आहे, हे भिंत भेगेच्या रूपाने सांगत असते.

चुन्याचा एक गुणही सांगितला पाहिजे. तो सिमेंटपेक्षा मऊ असल्यामुळे भिंत थोडी हलली तर सामावून घेतो आणि भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. अशा भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढविला म्हणजे वरून भिंत नवी दिसते, पण आतली ओल कोंडते. मग विटा आतल्या आत कुजल्यासारख्या भुसभुशीत होतात आणि तुळयांची टोके सडतात. दुरुस्ती झाली असे समजून आपण वस्तुतः दुखणे झाकलेले असते.

म्हातारपणाची दुखणी

पहिले आणि सर्वांत मोठे दुखणे म्हणजे पाणी. चाळीतील मोरी, सामाईक संडास, फुटकी पन्हळ आणि गळका नळ यांच्या आसपासची भिंत सर्वप्रथम खचते. तुळईचे जे टोक मोरीजवळच्या भिंतीत शिरलेले असते, तेथे ओल व वाळवी दोन्ही पोहोचतात. खोलीच्या मध्यभागी तुळई टणक दिसते; पण तिचा जीव भिंतीत लपलेल्या वीतभर टोकात असतो. त्या ठिकाणी जाड पेचकस टोचून पाहावा. तो लोण्यात शिरावा तसा शिरला तर समजावे की वरचा मजला नशिबावर टेकला आहे.

दुसरे दुखणे वाढत्या ओझ्याचे. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसविण्याची सवय सर्वत्र आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दोन इंच जाडीचा मसाला व फरशी वाढली तर त्या मजल्यावर सुमारे बारा क्विंटल कायमचे वजन वाढते. हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीत एक टन पाणी असते. माळे, मोठी कपाटे, गच्चीवरचे वाढीव बांधकाम यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. भिंत मात्र तो चुकवीत असते.

तिसरे दुखणे माणसाने हौसेने लावून घेतलेले. खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत काढणे, तळमजल्याच्या दुकानासाठी दोन दरवाज्यांमधील भिंतीचा खांब छाटणे, नळासाठी भिंतीत खोल चर मारणे ही कामे रात्रीतून होतात. तळमजल्यावर काढलेल्या भिंतीचे ओझे नाहीसे होत नाही, ते शेजारच्या भिंतीवर जाते. तळमजल्यावर जे छाटले त्याची भेग कित्येकदा तिसऱ्या मजल्यावर दिसते आणि तिसऱ्या मजल्यावरचा माणूस रंगाऱ्याला बोलावतो.

चौथे दुखणे गंजाचे. मजल्याला आधार म्हणून नंतर घातलेले लोखंडी गर्डर ओलीने गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, म्हणून गर्डरलगतच्या विटा आतून फुगवल्यासारख्या फुटतात.

पाचवे, भिंतीत उगवणारी झाडे. पिंपळाचे रोप पक्ष्यांच्या विष्ठेतून दर्जांत रुजते आणि त्याची मुळे वर्षागणिक भिंत उकलत जातात. पिंपळाबद्दल आपल्या मनात आदर असल्यामुळे त्याला हात लावण्यास अनेक जण धजत नाहीत. आमचे म्हणणे असे की, तो आदर खराच असेल तर रोप लहान असतानाच मुळासकट काढून मैदानात, जमिनीत लावावे. तेथे ते वाढेल आणि सावलीही देईल. नुसत्या फांद्या छाटल्याने मात्र मुळे आणखी जोमाने पसरतात.

सहावे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. इटलीतील पाविया या गावचा मध्ययुगीन विटांचा मनोरा १७ मार्च १९८९ रोजी सकाळी कोसळला व चार माणसे मेली. भूकंप नव्हता, वादळ नव्हते, कोणी खोदकामही करीत नव्हते. अभियंत्यांनी त्याच्या भग्नावशेषांतील विटाचुन्याच्या भागांवर प्रयोग केले, तेव्हा असे आढळले की मोठे ओझे शतकानुशतके एकसारखे वाहत राहिल्याने भिंत आतून संथपणे शिणत जाते. बारीक उभ्या चिरा हळूहळू वाढतात, एकमेकींना मिळतात आणि एका टप्प्यानंतर ओझे न वाढताही भिंत शरण येते. "इतकी वर्षे उभी आहे, आता काय होणार?" असे म्हणणाऱ्यांना पावियाचा मनोरा हे उत्तर आहे.

भेग कशी वाचावी

प्रथम भेग गिलाव्याची आहे की विटांची आहे, ते पाहावे. भेगेवरचा गिलावा चार-पाच इंच खरवडला की उलगडा होतो. गिलावा तडकला असेल आणि खाली वीट शाबूत असेल, तर काळजीचे कारण नाही. वीट किंवा दर्जा उकललेल्या असतील तर पुढील खुणा ध्यानात घ्याव्यात.

१. जिन्याच्या पायऱ्यांसारखी, दर्जांतून तिरपी जाणारी भेग : इमारतीचा एखादा भाग दुसऱ्यापेक्षा अधिक खचत आहे. जवळपास फुटलेले गटार, गळकी जलवाहिनी किंवा शेजारी नव्या इमारतीसाठी झालेले खोदकाम शोधावे.

२. आतली आडवी भिंत बाहेरच्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यातील उभी भेग : बाहेरची भिंत रस्त्याच्या बाजूला सुटू लागली आहे. भेग वर रुंद व खाली अरुंद असेल तर भिंत बाहेर कलत आहे असे मानावे.

३. दोन खिडक्यांमधील अरुंद भिंतीवर किंवा विटांच्या खांबावर शेजारीशेजारी अनेक बारीक उभ्या चिरा : ओझ्याखाली भिंत चिरडली जात आहे. या चिरा केसाएवढ्या असल्या तरी सर्वांत भयंकर समजाव्यात.

४. गच्चीखाली भिंतीच्या माथ्यावरील आडवी भेग : बहुधा उन्हाने गच्ची प्रसरण पावल्यामुळे पडलेली. त्रासदायक खरी, पण तातडीची क्वचितच. मात्र तिच्यातून पाणी शिरू देऊ नये.

५. भिंतीला पोट सुटणे : दोन थर एकमेकांपासून सुटले आहेत. थाप मारली असता पोकळ आवाज येतो. दगडी भिंतीत हे विशेष आढळते.

भेग जुनी की नवी हेही कळते. जुन्या भेगेत धूळ, जाळी, रंगाचे थर असतात व कडा गोल झालेल्या असतात. नव्या भेगेच्या कडा तीक्ष्ण आणि आतील वीट लालबुंद, स्वच्छ दिसते.

भेग केवढी, यापेक्षा वाढते का?

लेखातील मुख्य गोष्ट हीच आहे. बोट शिरेल एवढी भेग पन्नास वर्षे स्थिर असू शकते, आणि नखाएवढी भेग महिन्याभरात इमारत खाली आणू शकते. म्हणून भेग पाहून घाबरू नये आणि पाहून निश्चिंतही होऊ नये. ती मोजावी.

सर्वांत जुनी रीत काचपट्टीची. भेगेवरचा गिलावा काढून विटेवर, भेगेच्या दोन्ही बाजूंना टोके येतील अशी पातळ काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी व शेजारी तारीख लिहावी. भिंत हलली की काच तडकते. रीत स्वस्त आहे. पण काच एकदाच बोलते. किती हलले, कोणत्या दिशेला हलले, हे ती सांगत नाही.

त्याहून चांगली रीत तीन खिळ्यांची. भेगेच्या एका बाजूला दोन व दुसऱ्या बाजूला एक असे तीन पितळी स्क्रू त्रिकोणात विटेत पक्के बसवावेत व त्यांच्यातील अंतरे व्हर्नियर कॅलिपरने मोजावीत. शाळेच्या प्रयोगशाळेतील हे साधन मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजते. त्रिकोणामुळे भेग रुंदावते की तिच्या दोन बाजू वरखाली सरकतात, हे दोन्ही कळते.

भिंत कलते का, हे पाहण्यास गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे. वरच्या गॅलरीच्या ठराविक खुणेपासून ओळंबा सोडावा, वारा नसताना तो स्थिर होऊ द्यावा आणि प्रत्येक मजल्यावर दोरी व भिंत यांमधील अंतर मोजावे. मजला खचतो का, हे पाहण्यास पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. तिच्या दोन टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच.

आता एक सावधगिरी. भिंत उन्हाने वाढते व थंडीने आकसते. तीस मीटर लांबीच्या विटांच्या भिंतीचे तापमान दहा अंशांनी बदलले तर तिची लांबी सुमारे दीड मिलिमीटरने बदलते. त्यामुळे दुपारी घेतलेले माप सकाळच्या मापाशी जुळत नाही. माप नेहमी एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घ्यावे आणि किमान एक उन्हाळा, एक पावसाळा व एक हिवाळा असे पूर्ण वर्ष घ्यावे. पावसाळ्यात मात्र महिन्याऐवजी आठवड्याने.

समजा, दोन स्क्रूंमधील अंतर जानेवारीत ८०.२ मिलिमीटर होते, मेमध्ये ८०.०, ऑगस्टमध्ये ८०.५ आणि पुढील जानेवारीत पुन्हा ८०.२ आले. ही भिंत ऋतूंबरोबर श्वास घेत आहे. तिला मूळ जागी परत येता येते. दुसऱ्या एका भेगेची मापे ८०.२, ८०.५, ८०.९ व पुढच्या जानेवारीत ८१.६ अशी आली. ही भेग परत येत नाही, एकाच दिशेने जात आहे आणि तिचा वेगही वाढतो आहे. दोन्ही भेगा डोळ्यांना सारख्याच दिसतील. फरक केवळ वहीत दिसतो. आलेखाच्या कागदावर हे आकडे मांडण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी करावे; गणिताचा यापेक्षा चांगला उपयोग आम्हाला तरी ठाऊक नाही.

तज्ज्ञांची साधने

याच तत्त्वावर जगप्रसिद्ध वास्तूंची देखरेख होते. पाविया येथील दुर्घटनेनंतर जानेवारी १९९० मध्ये पिसा येथील कलता मनोरा लोकांसाठी बंद करण्यात आला. त्याच्या कलण्याची नियमित मापे १९११ पासून घेतली जात होती. १९९५ साली पाया बळकट करण्यासाठी जमीन गोठविण्याचे काम सुरू असताना मनोरा अधिक कलू लागला. डोळ्यांना काही दिसत नव्हते, उपकरणांनी सांगितले. काम ताबडतोब थांबले, शिशाचे ओझे वाढवून मनोरा सावरला गेला. पुढे वरच्या बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून कल कमी करण्यात आला व डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला. मोजमाप नसते तर दुरुस्तीनेच तो पाडला असता.

तज्ज्ञांच्या साधनांपैकी दोन समजून घेण्यासारखी आहेत. पहिले, चपटा जॅक. भिंतीच्या एका दर्जेत पातळ खाच पाडतात. ओझ्यामुळे खाच किंचित मिटते. मग तिच्यात पत्र्याची चपटी पिशवी घालून तेलाचा दाब देतात. खाच पूर्ववत होईल तेव्हा जो दाब असेल, त्यावरून भिंत किती ओझ्याखाली आहे ते निघते. दुसरे, कंपनमापक. प्रत्येक इमारतीचा डोलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. वाहने, वारा यांच्या सूक्ष्म हादऱ्यांवरून तो मोजता येतो. तापमानाचा परिणाम वजा जाता ठेका मंदावत गेला, तर इमारतीचा ताठपणा कमी होत आहे असे अनुमान काढतात.

संरचना परीक्षणासाठी अभियंता येईल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारावा : "आमची इमारत भिंतींवर उभी आहे की काँक्रीटच्या सांगाड्यावर?" कारण काँक्रीटसाठी असलेल्या हातोडीच्या व गंजमापनाच्या चाचण्या विटांच्या भिंतीची प्रकृती सांगत नाहीत. विटांच्या इमारतीच्या अहवालात भेगांचे नकाशे, ओळंब्याची मापे, तुळयांच्या टोकांची तपासणी आणि पायाजवळच्या गटारांची पाहणी असलीच पाहिजे.

कायदा आणि मनातील भीती

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे हे मालकाचे किंवा भोगवटादाराचे कर्तव्य आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा परीक्षण व्हावयास हवे. तपासणीनंतर महापालिका इमारतींचे वर्ग करते. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडण्यायोग्य. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

हे वर्ग ऐकले की रहिवाशांच्या पोटात गोळा येतो. आम्ही हे टीका म्हणून सांगत नाही. भाड्याची खोली एकदा सोडली की परत मिळणार नाही, संक्रमण शिबिरात पिढी जाईल, ही भीती अनुभवातून आलेली आहे. त्या भीतीपोटी भेगेवर कॅलेंडर लागते, कपाट सरकते, रंगाचा हात फिरतो आणि अभियंत्याला आतली खोली दाखविली जात नाही. काही ठिकाणी याउलट, चांगली इमारतही मोडकी ठरवून माणसे बाहेर काढली जातील, असा संशय असतो.

दोन्ही भयांवर उपाय एकच आहे. तो म्हणजे आपली स्वतःची नोंदवही. वर्षभराची मापे हातात असली म्हणजे खऱ्या धोक्याकडे मंडळाला दुर्लक्ष करता येत नाही आणि खोटा धोकाही कोणाला सहज दाखविता येत नाही. हक्काबाबत एवढे ध्यानात ठेवावे की, २०१४ साली सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की महापालिकेने इमारत पाडली एवढ्यावरून भाडेकरूचा हक्क संपत नाही. म्हणून घर रिकामे करण्यापूर्वी खोलीचे मोजमाप, भाडेपावत्या, वीजबिल आणि अधिकाऱ्याच्या सहीचा ताबा-तपशील जपून ठेवावा. कागद जपल्याने हक्क टिकतो. कोसळत्या भिंतीखाली बसून राहिल्याने टिकत नाही.

चाळीने काय करावे

प्रत्येक चाळीने दोनशे पानांची एक वही घालावी. पहिल्या पानावर इमारतीचा साधा नकाशा, बांधकामाचे वर्ष, आजवरच्या दुरुस्त्या व वाढीव बांधकामे लिहावीत. त्यानंतर प्रत्येक भेगेला क्रमांक द्यावा. तिचे ठिकाण, लांबी, रुंदी, दिशा आणि तारखेसह छायाचित्र ठेवावे. छायाचित्रात भेगेशेजारी मोजपट्टी धरावी, नाहीतर पुढे त्याचा उपयोग होत नाही. दर मजल्यावर एक प्रौढ व एक विद्यार्थी यांनी जबाबदारी घ्यावी. स्त्रियांना या कामात आवर्जून घ्यावे, कारण दार कधीपासून घासू लागले, मोरीची ओल कोणत्या महिन्यात वाढली, हे घरातील स्त्रीला सर्वांत आधी कळते. मे महिन्यात पन्हळी, गच्ची, गटारे साफ करून एक पाहणी आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी पाहणी करावी.

टेकू लावण्याची वेळ आली तर तो अभियंत्याच्या सांगण्यावरूनच लावावा. दुसऱ्या मजल्यावरचा टेकू पहिल्या मजल्याच्या फळीवर टेकून भागत नाही. त्याच्याखाली टेकू, त्याच्याही खाली टेकू, असे ओझे थेट जमिनीपर्यंत गेले पाहिजे. आणि टेकू म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाच वर्षे उभा असलेला टेकू ही पाच वर्षे लांबलेली दुरुस्ती असते.

शेवटी, वही बाजूला ठेवून ताबडतोब बाहेर पडण्याची लक्षणे सांगतो. एका पाठोपाठ काचपट्ट्या तडकणे. काल उघडणारे दार आज अडकणे. तुळयांतून कडकड आवाज येणे. दर्जांतून विटांची भुकटी किंवा चुना सतत झरणे. भिंतीचे पोट दिवसागणिक वाढणे. यांपैकी एकही दिसले तर मोजत बसू नये, सामान गोळा करू नये. म्हातारी माणसे व मुले यांना आधी काढावे, शेजाऱ्यांची दारे ठोठवावीत आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षास १९१६ वर व अग्निशमन दलास १०१ वर कळवावे.

दोन काचपट्ट्या, तीन स्क्रू, एक ओळंबा आणि एक वही एवढेच साहित्य लागते. खर्च एका सणाच्या रोषणाईहूनही कमी आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी सभासदांनी आपापल्या इमारतीत ही वही सुरू करावी, आणि विद्यार्थ्यांनी पहिल्या पानावर पहिले माप स्वतःच्या हाताने लिहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.